पिटकेर्नची हातगाडी आणि आमचा दादा

चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, म्हणून लिहूनच सांगते: मी आमच्या दादाला निवडणुकीला कसं उभं केलं.

विशालदादा बोटीवर नोकरीला. गणपतीत येणार होता, आला नाही. दिवाळीतही नाही. फोनवर म्हणाला, "चिमे, आम्ही पॅसिफिकमध्ये आहोत. इकडे पिटकेर्न म्हणून एवढंसं बेट आहे, शोध."

शोधलं. त्या बेटाला स्वतःचं मानचिन्ह आहे. ढालीवर जहाजाचा नांगर आणि बायबल, आणि वर चक्क एकचाकी हातगाडी. बोटीतून उतरलेलं सामान चढावर त्या गाडीतून न्यायचे, म्हणून तिला हा मान. आमच्या कोन गावातल्या गोदामांत अशा गाड्यांना कोण विचारतं?

नांगर मात्र मला आवडला नाही. तो त्यांच्या पूर्वजांच्या जहाजाचा. त्यांनी जहाज जाळलं आणि तिथेच राहिले.

म्हणून मी चित्र काढताना नांगर अगदी बारीक काढला आणि हातगाडी भली मोठी. खाली लिहिलं, 'विशालदादा, लवकर ये', आणि दारावर चिकटवलं.

आता तुम्हीच सांगा, ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असताना दारावर हातगाडी आणि खाली नाव, याचा आमच्या गावात काय अर्थ होतो?

शेजारचे बबनकाका दारातच थांबले. "विशाल उभा राहतो नि आमाला पत्ता न्हाय? चिन्ह बेस हाय."

"नाही काका, ते एका बेटाचं..."

"बेटाचं ऱ्हाऊ दे. येतो कवा?"

कितीतरी दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "लवकरच."

झालं. संध्याकाळी ओटा माणसांनी भरला. आमचे भाडेकरू, कापडाच्या लूमवर काम करणारे रफीकचाचा म्हणाले, "विशाल का निशान ठेला है ना? अपना वोट पक्का." आई चहा करून दमली. कुणी दादाच्या खाडीतल्या उड्या सांगत होतं, कुणी त्याची क्रिकेटमधली भांडणं. दाराआडून ऐकताना वाटलं, तो आतल्या खोलीत कपडेच बदलतोय. मग खरं कशी सांगू?

शेवटी दादाचाच फोन आला. "अगं, समोरचा उमेदवार मला फोन करून माघार घ्या म्हणतोय. मी कशातून माघार घेऊ?"

मी रडत सगळं सांगितलं.  तो हसला. "बरं, आलोच आणि उभा राहिलो, तर तुझं मत तरी मला ना?"

तेव्हा लक्षात आलं. त्याने यावं म्हणून गावभर प्रचार केला तो मी, आणि यादीत नाव नाही ते माझंच. मी नववीत आहे.