मांडीवर मावणारा कॉम्प्युटर

“अंदाज नको, आकडा सांगा.”

आमच्या ऑफिसातल्या ताईंचं हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडायचं. कुणी लग्नाची पत्रिका देत म्हणालं, “हॉल बसस्टँडच्या जवळच आहे ताई,” तरी ताई चष्म्यावरून बघत विचारायच्या, “जवळ म्हणजे किती मीटर?” चहाबरोबरची खारी लहान झाली म्हणून सगळे नुसते कुरकुरत होते. ताईंनी ड्रॉवरमधून बारीक मापं घेणारं व्हर्निअर काढून ती मोजली आणि चहावाल्याला मिलिमीटरमध्ये सुनावलं. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर जीभ जरा सांभाळून वापरावी लागते.

वाळूजच्या कारखान्यांना पत्रा दाबून आकार देण्यासाठी ज्या डाय, म्हणजे साचे, लागतात, त्यांची डिझाइनं आम्ही करायचो. ताई आयटीआय शिकलेल्या ड्राफ्ट्समन, फुलंब्रीहून रोज एसटीनं यायच्या. मी इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बजाजनगरच्या खोलीत माझी पदवी फ्रेम करून लावलेली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. ताई मला ‘इंजिनिअर साहेब’ म्हणायच्या. त्यात अर्धा मान असायचा, अर्धा टोमणा.

एक दिवस मालकांनी ठरवलं, यापुढं सगळं काम कागदाऐवजी कॉम्प्युटरवर, थ्री-डीत. नवे कॉम्प्युटर आम्हा तिघा इंजिनिअरांना मिळाले. ताईंना सांगितलं, तुम्ही आता स्टोअर सांभाळा. वीस वर्षं डाय काढणाऱ्या बाईनं नटबोल्ट मोजून द्यायचे.

“एक महिना द्या,” ताई म्हणाल्या. “एक अख्खी डाय थ्री-डीत करून दाखवते. नाय जमलं तर स्टोअरची चावी मीच मागून घेईन.”

शिकायचं घरी आणि अडलं की दुपारच्या सुट्टीत मला विचारायचं, असं ठरलं. म्हणजे कॉम्प्युटर रोज एसटीतून न्यायचा-आणायचा. थ्री-डी चालेल असा लॅपटॉप परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशानं सुटा कॉम्प्युटर जुळवला आणि त्याचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबाच, मांडीवर मावेल एवढं घेतलं. घरी भाच्याचा जुना मॉनिटर होता, इथं माझा. पण डाय पडद्यावर फिरवून बघायची तर ग्राफिक्स कार्ड पाहिजे, आणि बाजारातली बरीच कार्डं त्या डब्यापेक्षा लांब.

दुसरं कुणी दुकानात जाऊन विचारलं असतं. ताईंनी आधी डब्याच्या आतल्या रिकाम्या जागेचं ड्रॉइंग काढलं. फुल साइज, तिन्ही बाजूंनी. पंख्याला हवा मिळायला किती जागा सोडायची, तेसुद्धा त्यात होतं. खाली स्वतःची सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

“तपासा, इंजिनिअर साहेब.”

आमच्या धंद्यात ‘तपासले’च्या पुढं ज्याची सही, तो चुकीचा अर्धा धनी. मी वरवर नजर फिरवून सही ठोकली. वर सल्लाही दिला, “या लांबीत बसेल ते सगळ्यात ताकदीचं घ्या. कमी-जास्त बघू नका.”

छावणीतला कॉम्प्युटरचा दुकानदार तो कागद बघून हसला. “बैठ जाता मॅडम, फिकर नक्को करो.”

“बसतंय का नाय ते मी बघते. तुम्ही फक्त हातात द्या.” ताईंनी कार्डाला व्हर्निअर लावलं. लांबी बसली, जाडी बसली, उंची बसली. कार्ड घेतलं.

ऑफिसात ते आपल्या खाचेत नीट बसलं, पण डब्याचं झाकण बसेना. त्या ताकदीच्या कार्डाला विजेची वेगळी वायर लागत होती आणि तिचा प्लग बोटभर वर आला होता. तो ड्रॉइंगमध्ये नव्हताच.

“दुकानदारानं सांगायला पाहिजे होतं,” मी म्हणालो.

ताईंनी कागद माझ्यापुढं धरला. “खाली सही कुणाची?”

दोघांची होती. मी म्हणालो, “मग झाकण उघडंच ठेवू.”

“एसटीत? शेजारणीच्या मेथीची माती आत गेली म्हणजे? दहा दिवस राहिलेत. चला.”

दुकानात मी तोंड उघडायच्या आत ताईंनीच सांगून टाकलं, “चूक आमची आहे. वायरची जागा धरलीच नाय आम्ही.”

दुकानदार म्हणाला, “फसाया बोलके झगडनेवाले रोज आते मॅडम. हमारी गलती बोलनेवाले आप पैले.” तो कार्ड बदलून द्यायला तयार झाला. या वेळी ताईंनी सगळ्यात आधी विचारलं, “वेगळी वायर न लागणारं कोणतं?” खाचेतूनच वीज घेणारं एक छोटं कार्ड होतं. ते बसत होतं, पण ताकदीनं बरंच कमी.

“यावर अख्खी डाय फिरायची नाही,” मी म्हणालो.

“नाय फिरली तर अर्धी अर्धी फिरवीन.”

आणि तसंच केलं. ताई पडद्यावरचे बोल्ट लपवून ठेवायच्या, वरचा भाग वेगळा करायच्या, खालचा वेगळा. दुपारी डबा खाता खाता मला प्रश्न विचारून बेजार करायच्या. या वेळी त्यांचं प्रत्येक माप मी खरोखर तपासलं.

ठरल्या दिवशी मालक त्यांच्या खुर्चीमागं उभे राहिले. ताईंनी दोन्ही भाग फिरवून दाखवले. मालक म्हणाले, “आता जोडून दाखवा.” ताईंनी क्लिक केलं आणि पडदा गोठला. आम्ही तिघं इंजिनिअर जमिनीकडं बघायला लागलो. ताईंनी कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही.

“थांबा. येईल.”

बराच वेळ गेला. मग डाय जुळली, अडखळत, पण जुळली. ताईंनी ती मधोमध कापून दाखवली आणि पत्रा उचलणारी पिन पंचला, म्हणजे वरून दाबणाऱ्या भागाला, जिथं घासली असती, त्या जागेवर बाण नेला. “कागदावर हे मला दिसलं नव्हतं,” म्हणाल्या. मालकांनी वाकून बघितलं आणि एवढंच बोलले, “पुढची डाय ताईंकडं द्या.”

पुढं चार वर्षं ताई त्याच टेबलावर होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या. आता तिथं एक नवीन मुलगी बसते. मला मात्र त्या दिवशीचा जिन्यावरचा चहा आठवतो. ताई पायरीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातातला कप बशीवर खडखड वाजत होता. मी कप घ्यायला गेलो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

“कापू द्या हात आता,” त्या म्हणाल्या. “तिथं नाय कापले, लई झालं.”