खुर्च्यांचं मत

माझा धंदा मंडप, खुर्च्या आणि भोंग्यांचा. लग्न असो, बारावं असो, सभा असो, चिंचणीपासून तलासरीपर्यंत लोक मलाच बोलावतात. त्यामुळे पुढाऱ्यांची भाषणं मी स्टेजच्या मागून ऐकत आलोय. मागून माणूस जास्त चांगला कळतो.

गेल्या निवडणुकीनंतर एका पक्षानं नवं टुमणं लावलं होतं, ‘जनतेचं मत तेच आमचं मत.’ विषय होता किनाऱ्यावरून जाणाऱ्या नव्या रस्त्याचा. तो आमच्या गावच्या मैदानातून जाणार होता, आणि त्याच मैदानात बांबूच्या वलांड्या उभ्या करून माझी बायको बोंबील वाळत घालते. तिची आईही तिथंच घालायची. गावात दुसरी मोकळी जागा नाही. मैदान गेलं की बोंबील गेले, एवढं साधं होतं.

जनमत घ्यायला त्या पक्षाचे साहेब आधी किनाऱ्यापासून लांब तलासरीला गेले, तेही नेमके बाजाराच्या दिवशी. वेवजीकडची माणसं मीठमिरची आणि सुकी मासळी घेऊन जीपची वाट बघत होती. माझ्या मंडपाची सावली दिसली, खुर्ची दिसली, बसली बिचारी. साहेबांनी विचारलं, “रस्ता पाहिजे की नको?” टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवून झाल्यावर मला हळूच विचारलं, “जीप आली काय रं?” त्याच्या पिशवीत आमच्याच किनाऱ्यावरचे बोंबील होते. साहेब खूश. मला हसावं की थुंकावं कळेना.

मग आमच्या गावात सभा. मंडप मैदानाच्या कडेलाच घातला. बाया पुढं येऊन बसल्या, माझी बायको पहिल्या रांगेत. विरोध करायचा म्हणून सगळ्या ठरवून आल्या होत्या. साहेब स्वतःच्या साधेपणावर बोलत राहिले, आणि बोलता बोलता आभाळ भरून आलं. अवकाळी भुरभुर सुरू झाली. वाळत आलेल्या बोंबलावर पाणी पडलं की तो सडतो. एक बाई उठली, तिच्यामागं सगळ्या धावल्या.

साहेबांनी तेवढ्यात संधी साधली. “ज्यांचा रस्त्याला विरोध आहे त्यांनी हात वर करा!” समोर माझ्या रिकाम्या खुर्च्या आणि गाडीतून आणलेले त्यांचेच कार्यकर्ते. “कुणीच नाही! म्हणजे एकमत!” असला निर्लज्जपणा मी बाराव्याच्या जेवणावळीतही पाहिलेला नाही. त्या बाया पन्नास पावलांवर पदर खोचून बोंबील वाचवत होत्या. याहून स्वच्छ मत कुणी काय द्यायचं?

“अवो, ताडपत्री आणा!” बायको वलांडीकडून ओरडली.

मी स्टेजवरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. साहेबांच्या इस्त्रीवर पाणी पडलं.

“अरे, क्या कर रहे हो? आम्ही भिजतोय!”

“साहेब, तुम्ही उद्या वाळाल,” मी म्हटलं आणि ताडपत्री ओढत नेली. त्या दिवशी निम्मे बोंबील तरी वाचले. बायको कधी नव्हे ते माझ्यावर खूश झाली.

पेपरात मात्र ‘ग्रामस्थांचा एकमुखी पाठिंबा’ छापून आलं. माझ्या खुर्च्यांना तोंड असतं हे मला तेव्हा कळलं. रस्त्याच्या भूमिपूजनासाठी साहेबांच्या माणसाचा फोन आला, तेव्हा मी मंडप द्यायला साफ नकार दिला. काही अडलं नाही. मंडप वापीहून आला, टाळ्या वाजवणारेही तिकडूनच आले.

भूमिपूजनाच्या आदल्या संध्याकाळी पोलीस मैदान मोकळं करायला सांगून गेले. बायकोनं टोपली घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वलांडीवरून ओले बोंबील काढले.