दाखल्यात अठरा, पत्रिकेत सोळा

आमच्या घरात सरकारशी खोटं बोललेलं चालायचं, ग्रहांशी नाही.

चार वर्षांची असताना बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी भिंती सोडून काही जागेवर ठेवलं नव्हतं. आई बाबांना म्हणाली, "हे पोट्टी शाळेत घाला, नाहीतर मी माहेरी चालली." शाळा सहाच्या आत घेत नव्हती. बाबा रेल्वेत बाबू. त्यांनी माझं जन्मसाल दोन वर्षं मागे लिहवलं आणि मी एका सकाळीत दोन वर्षांनी म्हातारी झाले. पत्रिका मात्र खऱ्या वेळेची, मिनिटासकट, देव्हाऱ्याखाली.

बारावी झाली तेव्हा दाखल्यात मी अठराची, पत्रिकेत सोळाची. आमचं नवं राज्य तर दोन-तीन वर्षांचंच, तरी आमच्या शहरात राजधानी मांडून बसलं होतं. मग संसार मांडायला मी काय वाईट, असं आत्याला वाटलं असावं. नव्या मंत्रालयात चिकटलेला प्रत्येक मराठी पोट्टा आठवड्याच्या आत उपवर व्हायचा. आत्याने त्यातलाच एक धरून आणला. पत्रिका गेली, एकोणतीस गुण जुळले. मला कॉलेजात जायचं होतं, पण ते विचारलं कोणी?

बघायला आले. मुलाचे वडील कोर्टात बाबू. म्हणजे साक्षात कायदा आमच्या दिवाणावर बसून पोहे खात होता.

मी चहा ठेवला. "काका, पत्रिकेत मी सोळाची आहे. कायदा अठरा म्हणते ना?"

आत्याच्या हातून कप असा आपटला की तिकडे पंडरीच्या बाजारातले कापडवाले दचकले असतील. बाबा भिंतीवरच्या खिळ्याचा अभ्यास करू लागले.

काकांनी शेंगदाणा चावला. "दाखल्यात किती?"

"अठरा."

"मग झालं तर! कोर्ट दाखला पाहते, बेटा. तू अठराचीच."

सगळे सुटल्यासारखे हसले.

"हव, काका," मी म्हटलं. "मग गुण कोणाचे जुळवले? पत्रिकेतली पोट्टी तर कोर्टाले माहीतच नाही. दाखल्याच्या तारखेची पत्रिका करा."

"काहून वं, खोट्या तारखेची कायले..." आत्या बोलून बसली आणि तिने स्वतःच तोंडावर पदर धरला.

मुलाची आई इतका वेळ माझी वेणी डोळ्यांनी मोजत होती. ती ताठ बसली. "करूनच पाहू. पोट्ट्याच्या जिवाचा प्रश्न हाये."

गुरुजींनी केली. नऊ गुण, वर एकनाड. स्थळ असं पळालं की बूढ़ा तलावाला तीन फेऱ्या मारूनही थांबलं नसेल. बाई सोळाला घाबरल्या नाहीत, नऊला घाबरल्या.

आता लोक मुलींच्या लग्नाच्या वयाच्या कायद्यावर तावातावाने भांडतात. अठराच ठेवा, माझा दोन्ही हात वर करून पाठिंबा. पण ते तपासायला असा माणूस बसवा, जो पोहे बाजूला सारून, दाखला पालथा घालून आधी पोरीचं ऐकेल. माझ्या वेळी कायदा दिवाणावर होता आणि मला सोडवलं एकनाडीने, ही काही मिरवायची गोष्ट नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी कॉलेजचा फॉर्म आणला. जन्मतारखेपाशी त्यांचं पेन थांबलं.

"कोणती लिहू?"

त्या घरात मला काय हवं हे कोणी विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"दाखल्याचीच लिहा," मी म्हटलं. "दोन वर्षं आधी रिटायर होईन, पण शिकून."