मामींच्या क्लासचं शीर्षक

माझ्या बायकोच्या मामांना जगातली कुठलीही गोष्ट मथळ्याशिवाय पाहवत नसे. एका स्थानिक दैनिकात बातम्यांना मथळे देण्यातच त्यांची सगळी नोकरी गेली; निवृत्तीनंतर बातम्या संपल्या, मथळे तेवढे उरले. फडताळातल्या डब्यावर नुसतं 'डाळ' लिहिलेलं त्यांना चालत नसे. 'तूरडाळ, रोजच्या वरणाची' असं हवं. लग्नाकार्यात माझी ओळखही ते 'भाचीचे यजमान, वेबसाइटवाले, गंगापूर रोड' अशी करून देत, आणि समोरच्याचं माझं नाव विचारायचंच राहून जाई.

नव्या शतकाच्या सुरुवातीला मी वेबसाइट बनवायचा धंदा काढला, तेव्हा मामा दुपारी ऑफिसात येऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी त्यांची नजर स्क्रीनच्या अगदी वरच्या पट्टीवर गेली. माझ्या प्रत्येक पानावर तिथे 'अनटायटल्ड डॉक्युमेंट' असं झळकत होतं. सॉफ्टवेअर आपोआपच तसं लिहितं, असं मी सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, म्हणजे बारसं न करताच पोरं शाळेत धाडलीत." इंटरनेटवर शोधणाऱ्याला यादीत आधी तीच ओळ दिसते, हे कळल्यावर तर त्यांनी ऑफिसचा ताबाच घेतला. सटाण्याच्या एका रोपवाटिकावाल्याला शीर्षकात 'सुस्वागतम' हवं होतं. डाळिंबाची रोपं घ्यायला निघालेला माणूस 'सुस्वागतम' शोधतो का, असं मामांनी त्याला विचारलं. तो रागावून गेला. मग मी गुपचूप डाळिंब, रोपं आणि सटाणा हे तीनच शब्द लावले. सांगोल्याहून त्याला फोन आला, तेव्हा पेढे घेऊन आला.

मामींचा पंचवटीत शिवणक्लास होता, नाव 'सुबक'. त्याचं पान करायचं ठरलं आणि घरात आठवडाभर अबोला झाला. मामींना क्लासचं नाव आधी हवं होतं. ज्या मुलीला क्लासच ठाऊक नाही ती 'सुबक' कशाला शोधेल, हा मामांचा मुद्दा. शेवटी, लोक शोधतात तसं इंग्रजीत 'लेडीज टेलरिंग क्लासेस, पंचवटी, नाशिक' असं लागलं आणि 'सुबक' शेपटाला गेलं. मामी मला म्हणाल्या, "जन्मभर मला आतल्या पानावर छापलं यांनी." पण फोन येऊ लागले. इगतपुरीहून मुली येऊ लागल्या, आणि मामींनी आणखी एक मशीन घेतलं, मामांना न विचारता.

मग एका हिवाळ्यात मामी थोड्याशा आजाराने गेल्या. मशीनवर चादर पडली. फोन मात्र येतच राहिले. मामांनी शीर्षक इतकं चोख दिलं होतं की यादीत मामींचं पान अजून सगळ्यात वर होतं. रोज तेच उत्तर देताना त्यांचे हाल मला पाहवेनात. पान काढूया, निदान शीर्षकात 'बंद' तरी घालूया, असं मी सुचवलं. मामा कीबोर्डपुढे बसले. गावातल्या कित्येकांच्या निधनाचे मथळे त्यांनी उभ्या उभ्या दिले होते. त्यांनी 'बंद' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "कोणी तिला विचारतं, ते आता एवढंच."

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा ते फोनवरच होते. क्लास बंद झाल्याचं, बाई गेल्याचं त्यांनी पलीकडच्या मुलीला सांगून टाकलं होतं, तरी तिने फोन ठेवला नव्हता. मामी कॉलर कशी बसवत, हे मामा तिला समजावून सांगत होते. साफ चुकीचं सांगत होते. शिवणातलं त्यांना कधीच काही कळलं नाही.