समुद्रकाठची संत्र्याची पेटी

शालू गेल्याची बातमी मला तिगावच्या स्टेशनात रखडलेल्या गाडीत मिळाली. तिच्या भाच्याचा फोन होता. मी आधी त्यालाच रागावले, कारण त्याच आठवड्यात ही बाई माझ्याशी तासभर भांडली होती आणि भांडण अर्धवट टाकून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं... पण ती गेली होती. सौंसरच्या शोकसभेत जो तो तिला ‘शांत, सोज्वळ’ म्हणून राहिला होता. मला त्या दुःखातही हसू आलं. शालू आणि शांत? हिनं भल्याभल्या साहेबांना घाम फोडला होता.

आम्ही एका बाकावरच्या. ती मोहगावच्या बौद्ध वस्तीतली, शेतमजुराची पोर. हट्टानं इंजिनिअर झाली. मी सौंसरात मास्तरीण झाले. ऐंशीच्या दशकात कोकणात होड्यांसाठी एक लहानसं बंदर बांधायला घेतलं, तिथं तिची नेमणूक झाली. दगडांचे ट्रक जायचा रस्ता नकाशात सरळ वाळूवरून काढला होता, आणि त्याच वाळूत समुद्री कासवं अंडी घालत. शालू म्हणाली, रस्ता मागून न्या. तिचे वरचे साहेब म्हणाले, कासवांना विचारून बंदर बांधायचं का? रोज वाद. शेवटी साहेबांनीच अट घातली. खोदकामाच्या अगदी मधे आलेली दोन घरटी शालूनं दुसरीकडे हलवावी. त्यातून पिल्लं निघाली तर उरलेली वाळू कासवांची, रस्ता मागून जाईल. नाही निघाली तर ट्रक सरळ वाळूवरून.

कामावर मजूर आपल्याच सौंसर भागातले होते. संत्र्याचा हंगाम आटोपला की बोरगावची टोळी बाहेर कामाला जायची, तशी शालूनं ती तिकडं बोलावली. कौसल्यामावशी त्यांची पुढारी. जन्मभर संत्री पेट्यांत भरलेली बाई. अंडी न्यायला यांनी गावाकडची लाकडी पेटीच काढली, तळाशी ओली वाळू घातली. शालूनं बजावलं, धक्का लागू देऊ नका. मावशीनं धक्का लागू दिला नाही, पण हाताची सवय कुठं जाते? एकेक अंडं पदरानं पुसायचं, फिरवून देठ पाहायचा, देठाची बाजू खाली करून लावायचं. अंड्याला कुठला आला देठ! शालूनं पाहिलं तेव्हा पेटी भरून झाली होती. घालून काही दिवस झालेलं अंडं उलटं केलं की आतला जीव मरतो, हे तिला ठाऊक होतं. मावशी रडायला लागली, तर ही तिच्यावर न चिडता म्हणाली, “फिरवू नका हे मीच सांगितलं नाही ना. तुह्यी काय चूक?” मग दुसऱ्या घरट्यातल्या प्रत्येक अंड्यावर, ते जागचं हलवायच्या आधी, तिनं कोळशानं ठिपका काढला आणि म्हणाली, “मावशी, पानवालं संत्रं कसं भरतेस?” “पान वर ठेवून, मोडू नये म्हनून.” “मंग हे पान समज.” त्यानंतर एकही ठिपका खाली गेला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे गेले, तेव्हा पहिल्या पेटीतली अंडी नव्या जागी पुरली होती तो खड्डा उघडून झाला होता. सगळी अंडी नासली होती. साहेबांनी ट्रकवाल्यांना तयार राहायला सांगितलं होतं. शालू जेवत नव्हती, माझ्यावर उगाच खेकसत होती. मी म्हटलं, “तू इतकं जिवाले काऊन लावून घेऊन राहिली?” ती म्हणाली, “त्याइचं घर आहे ते. नकाशा काढनाऱ्याले आमची वस्ती तरी कधी दिसली?”

एका पहाटे मावशीची हाक आली, “शालू, वाळू हालून राहिली वं.” आम्ही धावलो. दुसऱ्या खड्ड्यावरची वाळू मधेच खचली, एक काळं डोकं वर आलं, मग दुसरं, मग नुसती झुंबड. शालू तशीच अनवाणी साहेबांच्या बंगल्यावर गेली आणि त्यांना तोंडसुद्धा धुऊ न देता घेऊन आली. साहेब लुंगीवर उभे. पिल्लं त्यांच्या पायांमधून पाण्याकडे चालली होती आणि त्यांना पाऊल उचलायची सोय नव्हती. शेवटी ते म्हणाले, “बाई, जिंकलात. रस्ता मागून न्या.” मावशीनं शालूला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं. मी तर इतकी रडले की मला अर्धी पिल्लं दिसलीच नाहीत.

मागच्या आठवड्यात मी एकटीच तिकडे जाऊन आले. रिक्षावाला तरुण होता, घाईत होता. बंदर समोर दिसत होतं, आणि रस्ता वाळू सोडून पार मागून फिरत होता. तो वैतागून म्हणाला, “समोर बंदर आहे, आणि कुणा शहाण्यानं एवढा वळसा घातलाय बघा.”

मी म्हटलं, “आमच्या मोहगावच्या शालूनं. गाडी फिरव, परत एकदा घाल तो वळसा.”