प्राणेशची जड जीभ

तंजावूरहून तिरुवैयारूला जाणाऱ्या बसचा कंडक्टर प्राणेश दिवसाढवळ्या पिऊन येतो, अशी तक्रार १९९४ साली डेपोत गेली. प्राणेशने जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण वर्षभर त्याचा तोल जात होता, जीभ जड झाली होती. तिकीट देताना तो बायकांच्या अंगावर कलंडे, आणि माफी मागायला गेला की शब्द बोबडे येत. डेपोच्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास आला नाही, तरी त्याला घरी बसवलं. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत तो मान खाली घालून शिरू लागला.

बायको अंबा त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"आणखी काही त्रास?" डॉक्टर वैद्यनाथांनी विचारलं.

"नाही, सार."

"अहो, सांगा की," अंबा म्हणाली. "रात्रीतून कुडमभर, अख्खी घागर पाणी पितात, डॉक्टर. सारखे लघवीला उठतात."

प्राणेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच तर तो लपवत होता. थांबा आला की नारळीच्या बागेत पळायचा. एकदा खाकी पँट भिजली, तेव्हा बस रिकामी होईपर्यंत मागच्या सीटवरून उठला नव्हता.

"गुडघे दुखतात?"

"दुखतात. उभ्याचं काम आहे, सार."

"हे आधी सांगायला हवं होतं."

दोन्ही गुडघ्यांजवळची हाडं एक्स-रेत पांढरीफटक दिसली. हाडाचा तुकडा तपासायला मद्रासला गेला. उत्तर आल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"शरीरातला केर खाणाऱ्या पेशी असतात. तुमच्या बेसुमार वाढून हाडांत आणि मेंदूत साचल्यात. तोल जातो, जीभ अडखळते, तहान लागते ती त्यानेच. फार विरळा आजार. मी फक्त त्याच्याबद्दल वाचलं होतं."

"बरे होतील ना?" अंबाने विचारलं.

"तहान औषधाने आटोक्यात येईल. चालण्याचं वचन देत नाही."

नाकात घालायच्या थेंबांनी तहान आवरली, झोप लागू लागली. पाय मात्र सुधारले नाहीत. त्याच्या बसच्या ड्रायव्हरने, रघोजीने, डेपोत आजाराचं सगळं सांगितलं, तेव्हा साहेब स्वतः घरी आले. त्यांना कॉफी देताना प्राणेशचा हात थरथरला आणि त्यांचा पांढरा शर्ट भिजला.

"आजारच तसा आहे, सार," तो कसाबसा म्हणाला.

साहेबांनी माफी मागितली. ते गेल्यावर प्राणेश भिंतीकडे तोंड करून बसला. अंबा फरशीवर सांडलेली कॉफी पुसत राहिली.