निळा छी-पाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: तो विनोद मला स्टेजवर सुचला नव्हता. दोन आठवडे आधीपासून तो माझ्याकडे तयार होता.

मी कतारमध्ये रास लफानला एका ठेकेदार कंपनीत पाइपिंगचं प्लॅनिंग बघतो. घर अल रय्यानला, कंपनीची बस पहाटे पावणेपाचला. आठ वर्षांपूर्वी त्या बसमध्ये माझ्या शेजारी एक चिनी बाई बसायची. वेल्डिंग इन्स्पेक्टर. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर एकटी राहायची. मी मुळात न बोलणारा, तीही तशीच, म्हणून जमलं असावं. बायको माझ्याबरोबर तिचाही डबा भरायची. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे यायची आणि माझ्या मुलीला कापडाची पट्टी वळून गाठीच्या गुंड्या करायला शिकवायची. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिचं या बाईशी जेवढं जमायचं तेवढं माझ्याशी कधी जमलं नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळींना यात विषय मिळाला. "काय साहेब, आज बीजिंग एक्स्प्रेस एकटीच?" "वहिनी, डबा दोन माणसांचा देताय, बघा हं." मी हसायचो. टोमण्यांत काही तथ्य नव्हतं, असं म्हणून मी इतकी वर्षं स्वतःला सोडवलं. थोडं होतं. तिच्या शेजारी बसायला मला आवडायचं. त्यापलीकडे काही नाही. पण तेवढंसुद्धा मला चारचौघांत पुसून टाकायचं होतं.

दिवाळीच्या फराळाचा कार्यक्रम जवळ आला. पाहुणे म्हणून परदेशी सहकाऱ्यांना बोलवायचं, त्यांनी आपापल्या देशाचा पोशाख घालून यायचं, असं ठरलं. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, कारण नेहमीचे गृहस्थ सुट्टीवर गेले होते. मी तिला बसमध्ये विचारलं. ती म्हणाली, माझ्याकडे एक पोशाख आहे, पण मी तो कधी घातलेला नाही. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं, "छी-पाव."

आमच्या पिढीनं तो पोशाख पाहिला तो हिंदी सिनेमातल्या व्हिलनच्या अड्ड्यावर. लाल कंदील, हातात पंखा, पेन्सिलीनं वर ओढलेले डोळे आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या झग्याला मांडीपर्यंत चीर. चांगल्या घरची नायिका तो घालायची नाही. घातलाच, तर हिरोला सोडवायला वेषांतर म्हणून. नाशिकला कॉलेज रोडवर पहिलं चायनीज हॉटेल निघालं तेव्हा मेनूकार्डावर त्याच ड्रेसमधली बाई होती. मंचुरियन येईपर्यंत आम्ही पोरं तिच्यावरच बोलायचो.

ती सांगत होती ते वेगळंच होतं. तिची आजी शाळेत शिकवायची, आणि निळा सुती छी-पाव घालून शाळेत जायची. पुढे सांस्कृतिक क्रांतीची अशी वर्षं आली की तो घालणाऱ्या बाईला रस्त्यावर उभं करून लोक शिव्या घालत. आजीनं एका दुपारी तो कापला आणि रजईची खोळ शिवली. नातीनं नोकरी लागल्यावर तसाच शिवून घेतला. शिंप्यानं वीसेक मापं घेतली म्हणे. पण आता तिकडे हॉटेलच्या दारातल्या मुली, हवाईसुंदऱ्या, सिनेमातल्या नट्या, सगळ्या तो घालतात. "माझ्या आजीचा तो कुणालाच दिसणार नाही," ती म्हणाली, "म्हणून घातला नाही."

"मग दिवाळीला घाला," मी म्हणालो. "आमच्याकडे दिसेल."

हे म्हणताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं? छी. पाव. आजी खोळ शिवत होती तेव्हा मी विनोद शिवत होतो. उतरेपर्यंत तो पूर्ण झाला.

कार्यक्रम दुपारचा. ती आली. गडद निळा, साधा, गळ्याशी बंद, तीन गुंड्या. गुडघ्याच्या खाली दोन वीत. चीर गुडघ्यापर्यंतसुद्धा नव्हती. मी ते बघितलंच नाही. माझा विनोद सिनेमातल्या ड्रेसवर बेतलेला होता, आणि तो बदलायला मी तयार नव्हतो.

माइकवर मी तिला पोशाखाचं नाव विचारलं. तिनं स्पष्ट सांगितलं. मी मुद्दाम थांबलो.

"छी? पाव?" मी मंडळींकडे वळलो. "अहो, ह्या तर आपल्या वडापावावरच उठल्या!"

हशा झाला. तिथं थांबलो असतो तर कदाचित आज हे लिहीत बसलो नसतो. मागून कुणीतरी शीळ घातली, जुन्या कॅबरेची चाल. आणि मी तयार ठेवलेलं दुसरं वाक्य बोललो. "आपला पाव मधोमध कापतात, ह्यांचा बाजूनं कापलाय. चटणी कुठून भरायची, ज्यानं त्यानं बघा."

सगळं सभागृह हसलं. बायकाही तोंडावर पदर घेऊन हसल्या. इतकी माणसं माझ्या बोलण्यावर आयुष्यात पहिल्यांदा हसत होती. तीही हसत होती, कारण सगळे तिच्याकडे बघून हसत होते. तिनं दोन्ही हात जोडून, बायकोनं शिकवला तसा नमस्कार केला.

खाली उतरल्यावर तिनं माझ्या मुलीला विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

आमची मुलगी घरात इंग्रजीच बोलते, पण मराठी तिला सगळं कळतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत म्हणालो, "काहीतरी चांगलं सांग."

मुलगी तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "ही सेड यू लुक लाइक अ क्वीन, आंटी."

गाडीत बायको एवढंच बोलली, "छान हसवलंत हो माणसांना." मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

त्यानंतर साइटवरचे आमचे लोक तिला लांबून हाक मारायचे, "छी-पाव मॅडम!" ती हात हलवायची. आजीच्या पोशाखाचं नाव या वाळवंटात सगळ्यांना पाठ झालं, याचं तिला अप्रूप वाटायचं. तिनं मला तसं बोलूनही दाखवलं. मी म्हणालो, "हो ना."

पाचसहा आठवडे असेच गेले. मग एका फोरमननं, तिला सगळं ठाऊकच असेल असं समजून, कँटीनमध्ये तिला हिंदीत विचारलं, "मॅडम, चटनी किधर से?" ती वेल्डरांमध्ये राहून बरंच हिंदी शिकली होती. तिनं त्याला बसवून घेतलं आणि सगळं वाक्य विचारून घेतलं. हे मला त्याच्याकडूनच कळलं. तो घाबरून सांगायला आला होता.

त्या शुक्रवारी ती आमचा डबा परत द्यायला आली. घासून, पुसून. आत आली नाही. दारात मुलगी होती, मागे मी.

"क्वीन?" तिनं मुलीला विचारलं.

मुलगी रडायला लागली. बाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि लिफ्टकडे गेली. मी त्या क्षणी एवढं म्हणायला हवं होतं की मुलीला मीच सांगितलं होतं खोटं बोल म्हणून. मी म्हणालो, "रडू नको गं, गैरसमज झालाय त्यांचा."

दुसऱ्या आठवड्यापासून ती बसमध्ये पुढे बसू लागली. प्रोजेक्ट संपल्यावर दुसऱ्या देशात गेली. आमच्या मंडळात तो विनोद अजून सांगतात. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही, असे नवे आयटीवाले सांगतात, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ओरिजिनल ह्यांचा, जागच्या जागी सुचलेला." मी मान डोलावतो.

गेल्या महिन्यात मुलगी सुट्टीवर आली होती. आता ती वीस वर्षांची आहे. दोह्यात मुशैरिबमध्ये एका हॉटेलच्या दारात लाल छी-पाव घातलेली मुलगी मेनू घेऊन उभी होती. माझ्याबरोबरचा मित्र कोपरानं ढोसून म्हणाला, "बघ, तुझा पाव!" त्या मुलीनं हसून इंग्रजीत विचारलं, काय म्हणाले हे? मी सवयीनं माझ्या मुलीकडे वळलो.

"आय डोन्ट ट्रान्सलेट, बाबा," ती म्हणाली, आणि चालू लागली.

आठ वर्षांत ती त्या दिवसाबद्दल एवढंच बोलली. मी तिच्या मागे गेलो, पण पार्किंगपर्यंत मी फक्त गाडी कुठं लावली होती ते बोललो.

त्या बाईचा नंबर माझ्याकडे आहे, म्हणजे सापडत नाही ही सबब नाही. त्या दुपारी मी काय म्हणालो आणि ते आधीच ठरवून म्हणालो, हे मी तिला माझ्या तोंडानं सांगायला हवं. आणि ते खोटं तुझं नव्हतं, माझं होतं, हे मुलीला समोर बसून सांगायला हवं. दोन्ही मी अजून केलेलं नाही.